खडीची वाट आणि हिमाची वाट : मालवाहू गाडीसाठी टायरची निवड

हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्याचे मुख्य ठाणे म्हणजे काझा. समुद्रसपाटीपासून सुमारे ३७०० मीटर उंचीवर वसलेल्या या गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता मनालीकडून येतो. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. पण त्यात ग्राम्फूपासून बाताल आणि पुढे सुमारे साडेचार हजार मीटर उंचीची कुंझुम खिंड, हा टप्पा खडी, गोटे आणि वाहत्या ओढ्यांमुळे वाहनचालकांत दीर्घकाळ कुप्रसिद्ध आहे. दुसरा रस्ता शिमल्याहून सतलजच्या काठाने किन्नौरमार्गे येतो. त्याची लांबी चारशे किलोमीटरांहून अधिक आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि मनालीहून लाहौलमध्ये जाण्यासाठी रोहतांग खिंड चढण्याची गरज उरली नाही. तथापि कुंझुम खिंड हिवाळ्यात हिमाने बंद होते ती होतेच. मग अन्नधान्य, भाजीपाला, औषधे व गॅसच्या टाक्या या सर्वांसाठी काझाला किन्नौरच्या रस्त्यावरच अवलंबून राहावे लागते.

आता अशी कल्पना करू की, काझा येथील एका गृहस्थाच्या मालकीची एक लहान मालवाहू गाडी आहे. ऑगस्टमध्ये ती स्पितीचा हिरवा वाटाणा भरून कुंझुम ओलांडते आणि खडीच्या वाटेने मनालीकडे उतरते. जानेवारीत तीच गाडी किन्नौरच्या बाजूने गोठलेल्या रस्त्यावरून माल घेऊन वर येते. गाडी एक, चालक एक, आणि बहुधा टायरांचा संचही एकच. दुकानात गेल्यावर हा गृहस्थ विचारतो, ‘सर्वांत मजबूत टायर कोणता?’ प्रश्न साधा वाटतो. परंतु विज्ञानाच्या दृष्टीने तो अपुरा आहे. खडीवर जो टायर मजबूत ठरतो, तो हिमावर विश्वासू ठरेलच असे नाही. किंबहुना या दोन गुणांच्या मागण्या पुष्कळदा परस्परविरुद्ध असतात. हा विरोध कोठून येतो आणि त्यातून शहाणपणाची निवड कशी करावी, हे आपण या लेखात पाहू.

आरंभीच एक खुलासा करावयास हवा. व्यवहारात आपण ‘बर्फ’ हा एकच शब्द वापरतो. येथे मात्र आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत कणांना ‘हिम’ आणि पाणी गोठून झालेल्या घट्ट, निसरड्या थराला ‘बर्फ’ असे म्हटले आहे. टायरच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत.

भार कोण वाहतो?

गाडीचा भार टायरचे रबर वाहते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः भाराचा फार मोठा वाटा टायरमध्ये कोंडलेली हवा वाहते. रबर आणि त्यातील धाग्यांचे वेष्टन यांचे मुख्य काम ही हवा जागच्या जागी धरून ठेवणे आणि रस्त्यावर पकड मिळवणे, हे होय. हवेच्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम टॉमसन याने १८४५ साली घेतले. पण त्याचा प्रसार झाला तो १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप याने ती कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा मांडल्यावर. त्याआधी १८३९ साली चार्ल्स गुडइयर याला गंधकाबरोबर तापवलेले रबर उन्हाने चिकट व थंडीने ठिसूळ होत नाही, असे आढळून आले होते. हा शोध लागला नसता तर टायर हा पदार्थच अस्तित्वात आला नसता.

टायर उभा कापून पाहिला तर त्याचे चार भाग दिसतात. रिमवर घट्ट बसणाऱ्या दोन कडांमध्ये पोलादी तारांची कडी असतात. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धाग्यांचे थर गेलेले असतात. हा टायरचा सांगाडा. त्याच्या दोन्ही अंगांना बाजूच्या भिंती असतात. आणि वर, रस्त्याला टेकणारा, खाचा व ठोकळे असलेला जाड थर असतो. त्यालाच आपण टायरची नक्षी म्हणतो.

सांगाड्यातील धागे दोन रीतींनी घातले जातात. जुन्या रीतीत नायलॉनचे अनेक थर एकमेकांना तिरकस छेदत जातात. नव्या रीतीत धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, म्हणजे चाकाच्या त्रिज्येच्या दिशेने जातात आणि नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. ही ‘रेडियल’ रचना होय. मिशलँ या फ्रेंच कंपनीने तिचे पेटंट १९४६ साली घेतले. तिरकस धाग्यांच्या टायरची बाजूची भिंत जाड असते, म्हणून कडेच्या दगडाचा ओरखडा ती अधिक सोसते. पण तिचे थर एकमेकांवर घासून टायर अधिक तापतो. रेडियल टायर कमी तापतो, त्याची नक्षी रस्त्यावर सपाट टेकते, ती सावकाश झिजते आणि खालचे पोलादी पट्टे टोकदार दगडाला अडवतात. मात्र त्याची बाजूची भिंत पातळ व लवचीक असल्यामुळे तेथे तो नाजूक असतो. खडीच्या रस्त्यासाठी रेडियल घ्यावयाचा, तर बाजूची भिंत अधिक थरांनी बळकट केलेला घ्यावा, असे म्हणतात ते यासाठीच.

खडी टायरचे काय करते?

डांबरी रस्ता टायरला घासतो. खडी त्याला कापते. हा भेद महत्त्वाचा आहे. धारदार खडा नक्षीच्या ठोकळ्यात घुसतो, चाक पुढे ओढले जाते आणि रबराचा लहानसा टवका निघतो. असे शेकडो टवके निघाल्यावर ठोकळ्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसू लागतात. दुसरा धोका खाचेत अडकून बसणाऱ्या खड्याचा. चाकाच्या प्रत्येक फेरीबरोबर तो थोडाथोडा आत ठोकला जातो आणि अखेर पोलादी पट्ट्यापर्यंत भोक पाडतो. त्या भोकातून पाणी शिरले की तारा गंजतात आणि टायर आतून निकामी होतो. चांगल्या टायरच्या खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे ठेवलेले असतात. खडा आत बसू लागला की ते दबतात आणि उसळून त्याला बाहेर फेकतात.

कापण्याला तोंड देण्याच्या बाबतीत नैसर्गिक रबर विलक्षण गुणी आहे. रबराचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात आणि एरवी ते अस्ताव्यस्त गुंतलेले असतात. नैसर्गिक रबर जोराने ताणले की या साखळ्या एका दिशेने ओळीत येतात आणि तेवढ्या जागी पदार्थ स्फटिकासारखा घट्ट बनतो. चिरेच्या टोकाशी ताण सर्वांत अधिक असतो. म्हणून नेमके तेथेच रबर घट्ट होते आणि चीर पुढे सरकण्यास अडथळा निर्माण होतो. जणू जखमेच्या तोंडाशीच बांध घातला जातो. मालमोटारींच्या टायरांत मोटारगाड्यांच्या टायरांपेक्षा नैसर्गिक रबराचे प्रमाण अधिक ठेवतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. याशिवाय कार्बन ब्लॅक नावाची अतिसूक्ष्म काजळी रबरात मिसळतात. टायरचा काळा रंग तिच्यामुळे येतो आणि झिजेला तोंड देण्याची शक्तीही तिच्यामुळेच अनेक पटींनी वाढते.

तेव्हा खडीसाठी कसा टायर हवा? ठोकळे मोठे, भरीव आणि एकमेकांना आधार देणारे. खाचा खोल पण दगड धरून न ठेवणाऱ्या. रबर टवके न निघणारे. आणि बाजूची भिंत बळकट. बाजारात ज्यांना ‘ऑल-टेरेन’ म्हणतात ते टायर साधारणपणे असेच असतात. डांबरी रस्त्याचा टायर आणि चिखलासाठीचा रुंद खाचांचा टायर यांच्या मधले त्यांचे स्थान आहे.

थंडी रबराचे काय करते?

आता जानेवारीकडे वळू. काझा येथे हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली उतरतो. अशा थंडीत रबर बदलते. प्रत्येक रबराला एक तापमान असे असते की, त्याच्या खाली ते लवचीकपणा गमावून काचेसारखे कडक होते. नैसर्गिक रबराच्या बाबतीत हे तापमान शून्याखाली सुमारे सत्तर अंश आहे. मग वाचक विचारील, उणे वीस अंशांना भिण्याचे कारण काय?

कारण असे की, हा बदल एका क्षणी होत नाही. रबर हळूहळू ताठर होत जाते. शिवाय ते किती वेगाने दाबले जाते यालाही महत्त्व आहे. रस्त्याच्या बारीक खडबडीतपणावरून सरकताना नक्षीचे पृष्ठ सेकंदाला हजारो वेळा दबते आणि सुटते. इतक्या जलद हालचालीत रेणूंच्या साखळ्यांना सरकण्यास सवड मिळत नाही. म्हणून रबर त्या तापमानाला असावे त्याहून अधिक ताठर वागते. बोटाने दाबून मऊ लागणारा टायर रस्त्याला मात्र कडक लागतो. त्यात भर म्हणजे नक्षीत मिसळलेली काही कृत्रिम रबरे नैसर्गिक रबरापेक्षा वरच्या तापमानालाच ताठर होऊ लागतात.

थंडीने रबराची उसळी कशी नाहीशी होते याचे एक उदाहरण जगाच्या स्मरणात आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर थोड्याच वेळात नष्ट झाले आणि त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. पुढे चौकशीच्या वेळी भौतिकीविद रिचर्ड फाइनमन यांनी अग्निबाणाच्या सांध्यात वापरल्या जाणाऱ्या रबरी कड्याचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून चिमटा सोडल्यावर तो तुकडा लगेच पूर्वस्थितीत आला नाही. ते रबर वेगळे आणि त्याचे कामही वेगळे. पण धडा तोच. सामान्य तापमानाला जे रबर आज्ञाधारक असते, ते थंडीत आज्ञा पाळीलच अशी खात्री देता येत नाही.

हिवाळी टायरांच्या नक्षीत म्हणूनच थंडीतही मऊ राहणारे मिश्रण वापरतात आणि त्यात पुष्कळदा सिलिकाची भर घालतात. बाहेरचे तापमान ७ अंशांच्या खाली टिकून राहू लागले की असे टायर चढवावेत, हा थंड देशांतील व्यवहाराचा आडाखा आहे. केवळ हिवाळ्यासाठी म्हणून बनवलेला टायर फिनलंडमध्ये १९३४ साली बाजारात आला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, तो मोटारगाडीसाठी नव्हे, तर मालमोटारीसाठी होता.

पकडीचे अंकगणित

आकड्यांनी गोष्ट अधिक स्पष्ट होईल. गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने चालली आहे असे धरू. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणाचा गुणांक सुमारे ०.७ असतो. ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंत ती सुमारे ७ मीटर जाते. खडीवर गुणांक ०.५ धरला तर हे अंतर १० मीटर होते. दाबल्या गेलेल्या हिमावर गुणांक ०.२ धरला तर ते २५ मीटरांवर जाते. आणि गोठलेल्या बर्फावर, गुणांक ०.१ धरता, ५१ मीटर! चालकाने ब्रेकवर पाय ठेवण्यापूर्वी विचारात घालवलेल्या क्षणांचे अंतर यात धरलेले नाही.

हे झाले सपाट रस्त्याचे. आता दहा मीटरांस एक मीटर असा उतार घ्या. उतारावर गुरुत्वाकर्षण गाडीला खाली ओढते आणि या उतारावर त्या ओढीचे प्रमाण वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके असते. बर्फावरील घर्षणही जास्तीत जास्त तेवढेच. परिणाम असा की, चारही चाके ब्रेकने जखडली तरी गाडीचा वेग कमी होत नाही. ती त्याच वेगाने घसरत राहते. आणि डोंगरी रस्त्यावर उताराच्या शेवटी बहुधा वळण असते, वळणापलीकडे दरी. अशा जागी चालकाचे कौशल्यही हतबल ठरते. घर्षणाचा गुणांक ०.१ वरून थोडा जरी वाढला, तरी येथे तो जीव वाचवणारा ठरतो.

बर्फाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो सर्वांत निसरडा असतो तो कडाक्याच्या थंडीत नव्हे, तर वितळण्याच्या बेतात असताना. कारण तेव्हा त्याच्या पृष्ठावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. दुपारी उन्हाने ओढ्याचे पाणी रस्त्यावर येते, संध्याकाळी सावलीच्या वळणावर ते गोठते आणि काळ्या रस्त्यावर तो पारदर्शक थर दिसतही नाही. किन्नौर व स्पितीच्या रस्त्यांवर हिवाळ्यातील खरा शत्रू हाच होय.

एका टायरची दोन मने

हिमावर मात्र टायर वेगळ्याच युक्तीने काम करतो. नक्षीच्या खाचांत हिम दाबून भरले जाते आणि खाचेतील हिम रस्त्यावरील हिमाला धरून ठेवते. हिमाला हिमच सर्वांत चांगले चिकटते, हे मुलांना हिमाचे गोळे करताना अनुभवाने कळलेले असते. त्याशिवाय हिवाळी टायरच्या ठोकळ्यांवर सुरीने चिरल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. ठोकळा जमिनीला टेकून वाकला की या चिरांच्या कडा उघडतात आणि हिमात रुततात. अशा चिरांचे पेटंट जॉन साइप यांनी १९२३ साली घेतले आणि इंग्रजीत त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

आता दोन्ही मागण्या शेजारी ठेवून पाहा. खडीला भरीव, न वाकणारा ठोकळा हवा. हिमाला चिरा असलेला, वाकणारा ठोकळा हवा. खडीला टवका न निघणारे कणखर रबर हवे. थंडीला मऊ रबर हवे. खडीवर खाचेने दगड बाहेर फेकावा अशी अपेक्षा; हिमावर खाचेने हिम धरून ठेवावे अशी अपेक्षा. मऊ मिश्रणाचा, चिरांनी भरलेला हिवाळी टायर ऑगस्टमध्ये बातालच्या खडीवर नेला तर त्याच्या नक्षीचे तुकडे पडू लागतील. उलट खडीसाठीचा भरीव टायर जानेवारीत सावलीच्या वळणावर लाकडी चाकासारखा घसरेल. टायर बनवणारा जे काही करतो ती या दोन टोकांमधली तडजोड असते. तिला तडजोड म्हणून ओळखणे, हीच निवडीची पहिली पायरी होय.

टायरच्या अंगावरील मजकूर

सुदैवाने प्रत्येक टायर आपली ओळख आपल्याच बाजूवर वागवतो. ती वाचण्याची सवय मात्र फार थोड्यांना असते. समजा, एका टायरवर ‘एलटी २३५/७५ आर १५, १०४/१०१ एस’ असे लिहिले आहे. ‘एलटी’ म्हणजे तो हलक्या मालवाहू गाडीसाठी आहे. २३५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. पुढचे १०४ व १०१ हे भाराचे सांकेतिक अंक: चाक एकेकटे असेल तर एका टायरने ९०० किलो आणि जोडचाक असेल तर प्रत्येकी ८२५ किलो भार वाहावा. शेवटचे अक्षर ‘एस’ म्हणजे कमाल वेग ताशी १८० किलोमीटर. मागील आसाला दोनच चाके असतील तर हे टायर गाडीच्या वजनासह १८०० किलोंहून अधिक भार घेऊ शकत नाहीत. त्याहून अधिक माल भरल्यास टायर कितीही महागाचा असो, तो आतून तापत जाऊन एके दिवशी फुटणारच.

दोन हिवाळी खुणांविषयी मोठा गैरसमज आढळतो. अनेक टायरांवर ‘एम’ व ‘एस’ ही अक्षरे असतात. इंग्रजीतील चिखल व हिम या शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. ती केवळ नक्षीच्या आकारावरून दिली जातात. त्यासाठी हिमावर चाचणी द्यावी लागत नाही. दुसरी खूण आहे तीन शिखरांच्या डोंगरात काढलेल्या हिमकणाची. ती १९९९ साली सुरू झाली आणि ती मिळण्यासाठी टायरला प्रत्यक्ष हिमावर चाचणी देऊन ठरलेल्या प्रमाण टायरपेक्षा सरस पकड दाखवावी लागते. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी परिस्थितीत केवळ हिमकणाची खूणच ग्राह्य धरली जाते, अक्षरे धरली जात नाहीत. काही ऑल-टेरेन टायरांवरही ही खूण असते आणि काझाच्या आपल्या गृहस्थाने नेमकी तीच शोधावी. मात्र ती हिमावरील पकडीची साक्ष आहे, गोठलेल्या बर्फावरील नव्हे, हे त्याने विसरू नये.

शेवटी वर्तुळात कोरलेले चार आकडे पाहावेत. ‘३२२४’ असे असेल तर तो टायर २०२४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर वापराविनाही म्हातारे होते. हवेतील ऑक्सिजन व ओझोन त्याला कडक करतात आणि ऊन त्याला भेगा पाडते. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर दिसायला कोरा असला तरी हिवाळ्यासाठी तो नवा नव्हे. भारतीय मानक ब्यूरोची आयएसआय खूणही पाहून घ्यावी.

विसरलेली हवा

उत्तम टायर घेऊनही हवेकडे दुर्लक्ष केले तर सर्व व्यर्थ. ऑगस्टच्या दुपारी टायरमधील हवा २७ अंश असताना काझात मापकाने ४५ पौंड दाब भरला, असे समजू. मापक दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा अधिक असलेला दाब. काझाच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब सुमारे ९.३ पौंड असतो. म्हणजे टायरमधील खरा दाब ५४.३ पौंड झाला. जानेवारीत हवा उणे १३ अंशांपर्यंत थंड झाली. निरपेक्ष मापात हे तापमान ३०० वरून २६० वर येणे होय. त्याच प्रमाणात खरा दाब ४७ पौंडांवर येतो आणि मापक दाखवतो जेमतेम ३८. कोठेही पंक्चर नाही, गळती नाही. तरी सात पौंड हवा ‘नाहीशी’ झाली! अशा टायरची बाजू अधिक वाकते, तो तापतो आणि भरलेल्या गाडीखाली दगड रिमपर्यंत जाऊन भिडतो.

उलट प्रकारही घडतो. मैदानात २७ अंशांना ४५ पौंड भरलेला टायर त्याच तापमानात काझाला पोचला तर मापक ५० पौंड दाखवतो, कारण बाहेरची हवा विरळ झालेली असते. म्हणून दाब मोजावा तो सकाळी, टायर थंड असताना आणि ज्या उंचीवर गाडी चालवायची त्या उंचीवर. रस्ता बदलला, ऋतू बदलला किंवा भार बदलला की पुन्हा मोजावा. मापक ही स्टेपनीइतकीच आवश्यक वस्तू आहे.

मग घ्यावे काय?

ज्याला परवडते त्याने दोन संच ठेवावेत: उन्हाळ्यासाठी बळकट बाजूंचे ऑल-टेरेन आणि हिवाळ्यासाठी हिमकणाची खूण असलेले. प्रत्येक संच अर्धेच वर्ष झिजतो, त्यामुळे खर्च पहिल्या दिवशी दिसतो तेवढा दुप्पट नसतो. ज्याला एकच संच शक्य आहे त्याने हिमकणाची खूण असलेला ऑल-टेरेन घ्यावा, भाराचा अंक गाडीच्या गरजेपेक्षा कमी नाही हे पाहावे आणि या तडजोडीत उरलेली उणीव साखळ्यांनी भरून काढावी. लोखंडी साखळी बर्फात दात रोवते; रबराला ते साधत नाही. काश्मीरमध्ये टंगमर्गहून गुलमर्गला जाताना हिमवृष्टीच्या दिवसांत साखळ्यांचा आग्रह धरला जातो तो यामुळेच. साखळ्या ज्या चाकांना इंजिनाची गती मिळते त्यांवर चढवाव्यात, सावकाश चालावे आणि उघडा रस्ता लागताच त्या उतरवाव्यात. अन्यथा साखळी व टायर दोघेही झिजतात.

एकाच आसावर रेडियल व तिरकस धाग्यांचे टायर कधीही मिसळू नयेत. त्यांच्या वाकण्याच्या तऱ्हा भिन्न असल्यामुळे गाडी निसरड्या जागी अनपेक्षित ओढ घेते. पुढच्या चाकांवर नवे व निर्दोष टायर असावेत. रिमोल्ड केलेले तेथे घालू नयेत. जोडचाके असतील तर दोन्ही टायरांचा व्यास व दाब सारखा हवा आणि प्रत्येक मुक्कामी त्यांच्या मध्ये दगड अडकला नाही ना, हे वाकून पाहावे. आपल्या देशातील नियमांनुसार मालगाडीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. ही कायद्याची मर्यादा आहे, हिमाची नव्हे. ऑस्ट्रियात हिवाळी रेडियल टायरसाठी किमान खोली ४ मिलिमीटर ठरवलेली आहे, कारण उथळ खाचेत हिम भरून राहू शकत नाही. बोलीत ज्याला ‘गोटा झालेला’ टायर म्हणतात, त्यावर हिवाळ्यात डोंगर चढणे हे धाडस नसून अविचार होय.

आणि सर्वांत स्वस्त उपाय अखेरीस सांगतो: वेग कमी करणे. वेग दुप्पट झाला की दगडावर आदळण्याची ऊर्जा चौपट होते आणि थांबण्याचे अंतरही चौपट होते. सावकाश जाणाऱ्याचा टायर खडीवर टिकतो आणि बर्फावर त्याला दुसरी संधी मिळते.

विद्यार्थी वाचकांना एक सूचना करावीशी वाटते. तुमच्या गावच्या बाजारात किंवा शाळेजवळ मालगाडी उभी असेल तेव्हा चालकाची परवानगी घेऊन तिच्या टायरवरील मजकूर वाचा. भाराचा अंक शोधा, आठवडा व वर्ष शोधा, खाचेची खोली मोजपट्टीने मोजा. नक्षीच्या कडा घासल्या आहेत की त्यांचे टवके निघाले आहेत ते पाहा. त्यावरून ती गाडी कोणत्या वाटेने आली हे तुम्हांला पुष्कळदा ओळखता येईल. काझाच्या गृहस्थाला हवे असलेले उत्तर दुकानदाराच्या शिफारशीत नाही. ते त्याच्या रस्त्यात, त्याच्या ऋतूत आणि त्याच्या भारात आहे. ‘सर्वांत मजबूत टायर कोणता?’ असे न विचारता ‘माझ्या वाटेसाठी कोणता?’ असे ज्या दिवशी तो विचारील, त्या दिवशी निम्मी निवड झालीच म्हणून समजावे.